सौद्यातला आकडा कोणाचा?

जालन्यासारख्या जिल्ह्यात फौजदारी खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात. म्हणून किती शिक्षेवर तडजोड करावी हे कृत्रिम बुद्धिमत्तेने सुचवावे. प्ली बार्गेनिंग, म्हणजे कबुलीच्या बदल्यात कमी शिक्षेचा सौदा, झपाट्याने होईल, शिवाय निःपक्षपातीही, असे म्हणणारे वाढत आहेत.

पण हिशोब अवघड आहे कुठे? किमान शिक्षा ठरलेली नसेल तर कमाल शिक्षेचा चतुर्थांश आणि पहिलाच गुन्हा असेल तर षष्ठांश, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 293 सांगते. भोकरदनच्या बाजारातून पहिल्यांदाच मोटारसायकल चोरणाऱ्याला चोरीच्या तीन वर्षांऐवजी सहा महिने. हे कोर्टातला कारकूनही बोटांवर मोजेल.

आणि यंत्र शिकणार कशावर? प्ली बार्गेनिंगची तरतूद 5 जुलै 2006 पासून आहे, तरी निकाली खटल्यांत तिचा वाटा एक टक्काही नाही. आरोपीने अर्जात जे सांगितले ते या सौद्याबाहेर वापरण्यास कलम 299 ची मनाई आहे. उरले पोलीस दप्तर. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये गेला, त्या जमातींवरचा गुन्हेगारीचा शिक्का मात्र राहिला. तुरुंगांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सर्वोच्च न्यायालयाला 3 ऑक्टोबर 2024 उजाडावा लागला. अशा दप्तरावर पोसलेले यंत्र पारधी वस्तीतल्या पोराला धोकादायक ठरवील, यात नवल ते काय!

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये एकाने गवत कापायचे यंत्र चोरले. सरकारी वकिलाशी एक वर्षाच्या कैदेवर तडजोड झाली. न्यायाधीशांनी ‘कॉम्पास’ या संगणक प्रणालीने वर्तवलेला पुन्हा गुन्हा करण्याचा धोका पाहिला, सौदा मोडला आणि दोन वर्षे दिली. पुढे ती शिक्षा दीड वर्षावर आली. सौदा जुळवायला आणायचे म्हणतात त्याच जातीच्या यंत्राने तो उधळला.

महाराष्ट्रातल्या खुरासणी तेलाच्या भेसळ-खटल्यात 1976 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा पडद्याआडच्या देवघेवीवर कोरडे ओढले होते. म्हणूनच आज न्यायाधीश आरोपीला बंद दाराआड विचारतात, अर्ज स्वखुशीने केलास का? यंत्राचा आकडा दाखवून मिळवलेली कबुली स्वखुशीची कशी? आकड्याची उलटतपासणीही होत नाही.

आरोपी या वाटेला जात नाहीत याची कारणे वेगळी आहेत. कबुलीने दोषी ठरल्याचा डाग लागतो, नेहमीचे अपील बंद होते. त्यापेक्षा साक्षीदार फितूर होईल हा त्यांचा अंदाज पुष्कळदा कोणत्याही यंत्राहून पक्का असतो. दोषारोप ठेवल्यापासून 30 दिवसांतच अर्ज करायचा असतो, हे कच्च्या कैद्याला सांगतो कोण? तिथे यंत्राने लोकअभिरक्षक कार्यालयाला मुदतीची आठवण द्यावी, दोषारोपपत्र सोप्या मराठीत वाचून दाखवावे. धोक्याचा आकडा मात्र न्यायाधीशांच्या टेबलावर येता कामा नये, आणि वाटाघाटीला बसलेल्या सरकारी वकिलाच्याही हाती पडू नये.