दक्षिणेचा पैसा

दिवाळीच्या फराळापुढे सरकारी अनुदानाचा विषय काढणारा माणूस अरसिकच म्हणायचा. पण आमच्या नौपाड्यात तो मुद्दाम काढावा लागत नाही. वर्गणीचे पुस्तक दारात आले की आपोआप निघतो. एखाद्या मठाचा दवाखाना, एखाद्या मिशनची शाळा, एखाद्या देवस्थानचे अन्नछत्र ही कामे चांगली; मग सरकारने त्यांना पैसा का देऊ नये? एक शेजारी म्हणतात, अवश्य द्यावा, भुकेला धर्म नसतो. दुसरे म्हणतात, माझ्या कराच्या पैशाने दुसऱ्याचा देव का पोसायचा? हा वाद महाराष्ट्रात एकदा चांगला रंगून गेलेला आहे, आणि तो पुण्यात दक्षिणेवरून रंगला.

तळेगावचे सेनापती खंडेराव दाभाडे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देत असत. १७३१ साली डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र त्रिंबकराव पडले, आणि तो परिपाठ पहिल्या बाजीरावांनी पुण्यास चालू केला. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात श्रावणमासी दक्षिणा वाटली जाई. नानासाहेबांच्या अमदानीत ही रक्कम लाखांच्या घरात गेली. मूळ हेतू विद्येला आश्रय देण्याचा. पण देशोदेशींची गर्दी लोटू लागल्यावर षट्शास्त्री कोण आणि नुसता भोजनभाऊ कोण, हे पाहणार कोण? विद्येसाठी काढलेला पैसा हळूहळू जन्मासाठी वाटला जाऊ लागला. तिजोरी मात्र साऱ्या रयतेच्या साऱ्याने भरलेली.

राजसत्तेचा हात केवळ पुण्यातच सैल होता असे नाही. आमच्या ठाण्यातले तलावाकाठचे कौपीनेश्वराचे देऊळ १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी बांधविले. पुढे १७७४ मध्ये ठाणे इंग्रजांकडे गेले. १८७९ साली देवळाच्या दुरुस्तीची वेळ आली तेव्हा ठाणेकरांनी आपसांत वर्गणी केली. देऊळ आजही उभे आहे.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. एल्फिन्स्टन साहेब धोरणी. दक्षिणा एकदम तोडली तर पुणे बिथरेल हे ओळखून त्यांनी ती ५०,००० रुपयांपर्यंत खाली आणून चालू ठेवली, आणि त्यातूनच ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. इकडे ही सावधगिरी, तर तिकडे विलायतेत ओरड, की ख्रिस्ती सरकारने मूर्तिपूजेला हातभार का लावावा! मद्रासचे सरसेनापती सर पेरेग्रिन मेटलंड यांनी तर १८३८ साली याच वादापायी पद सोडले. गंमत अशी की १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्याने शाळांना अनुदान देण्याची रीत घातली, तेव्हा मिशनच्या शाळांनी ते आनंदाने घेतले. सरकारची अट एवढीच, की आम्ही लिहिणे, वाचणे, गणित तपासू. प्रार्थनेकडे पाहणार नाही.

पण खरा भडका त्याआधीच उडाला होता. १८४९ साली लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की या दक्षिणेतला काही भाग चांगले मराठी ग्रंथ लिहिणारांना बक्षीस म्हणून द्यावा, मग तो लिहिणारा कोणत्याही जातीचा असो. पुण्यात गहजब झाला. सुधारकांना मार बसण्याची पाळी आली तेव्हा जोतीराव फुले महार-मांगांची फौज घेऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले, असे सांगतात. अर्ज मान्य झाला. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी आली, मराठी पुस्तकांना बक्षिसे मिळू लागली. फुल्यांच्या शाळांनाही याच फंडातून साहाय्य मिळाले. पुढे महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर दक्षिणा फेलो झाले. विश्रामबागवाड्यातली ती पाठशाळा वाढत वाढत डेक्कन कॉलेज झाली.

विरोधकांना मी अगदीच खोटे ठरवीत नाही. ‘धर्माचा पैसा सरकारने वळविला’ ही त्यांची तक्रार होती, आणि सरकारने तो वळविला हे खरेच. धनी बदलला की अटीही बदलतात. पेशव्यांनी वेद मागितला, एल्फिन्स्टननी शास्त्र, आणि १८५१ नंतर सरकारने मराठी पुस्तक. ज्या संस्थेला आपला धर्म आपल्याच रीतीने चालवायचा आहे, तिने ही गोष्ट अनुदानाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी विचारात घ्यावी.

आपल्या घटनेने मधली वाट काढली. विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी वा जोपासनेसाठी खर्ची पडणारा कर कोणावर लादता येत नाही, असे २७ वे कलम सांगते. आणि शाळांना मदत देताना अल्पसंख्याकांच्या शाळा म्हणून दुजाभाव करू नये, असे ३० वे. आपल्या राज्यात तर धर्मादाय संस्थांकडून सरकारच १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली वर्गणी घेई. ती कर नव्हे, देखरेखीची फी आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये रतिलाल गांधी खटल्यात दिला.

तरी काठावरची प्रकरणे उरतातच. हज यात्रेचे अनुदान २०१८ साली बंद झाले. नाशिकच्या कुंभमेळ्याला मात्र सरकार रस्ते, पाणी, दवाखाने पुरविते. तो खर्च यात्रेचा की नागरी सोयीचा? माझे मत विचाराल तर दवाखान्याला द्यावे, शाळेला द्यावे, दार सर्वांना उघडे असेल आणि हिशेब तपासता येत असेल तर अन्नछत्रालाही द्यावे. कळसाला देऊ नये. नौपाड्यातल्या माझ्या दुसऱ्या शेजाऱ्यांना हे पटत नाही. ते म्हणतात, अन्नछत्राचा तांदूळ सरकारने दिला की संस्थेचा स्वतःचा पैसा कळसासाठी मोकळा होतो. यावर मला अजून उत्तर सुचलेले नाही.