आधी उतरायची जागा

स्मरणिकेत आपल्या मुलखाचा इतिहास येतो तो बहुधा देवळांचा, घाटवाटांचा आणि घराण्यांचा. यंदा आम्ही जरा निराळा विषय घेतला आहे. इंजिन नसलेले विमान, म्हणजे ग्लायडर, डोंगररांगांवरून शेकडो किलोमीटर कसे नेतात, त्याची आखणी कशी करतात आणि ती विद्या माणसाला कशी साधली, हा तो विषय. जोयड्याशी याचा काय संबंध, असे वाचकांना वाटेल. तो लेखाच्या शेवटी आपोआप लक्षात येईल.

ग्लायडर सुटल्या क्षणापासून खालीच येत असते. ते वर चढते ते सभोवतालची हवाच वर जात असेल तेव्हा. दुपारी आपल्याकडे घार पंख न हलवता गोल गोल फिरत वर जाते, तेव्हा ती तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या गरम हवेवर स्वार झालेली असते. या झोताला वैमानिक थर्मल म्हणतात. वारा डोंगराला धडकून वर वळतो, तो दुसरा आधार. तिसरा आधार डोंगरापलीकडचा. खडकावरून गेलेले पाणी पुढे लाटा करते, तशाच लाटा रांग ओलांडलेला वारा करतो आणि त्या फार उंच नेतात.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीत इंजिनाच्या विमानांवर कडक बंधने आली. तेथील विद्यार्थी ग्लायडरकडे वळले आणि 1920 पासून वासरकुप्पे या डोंगरावर स्पर्धा भरू लागल्या. सुरुवातीला सगळे डोंगराच्या उताराला धरून राहत. आपण चढतो आहोत की उतरतो आहोत हे दाखवणारे व्हेरिओमीटर हाती आले, तशी उतार सोडण्याची हिंमत वाढली. 1929 मध्ये रॉबर्ट क्रोनफेल्ड यांनी 100 किलोमीटरचा टप्पा ओलांडला. 1964 मध्ये टेक्सासच्या अ‍ॅल्विन पार्कर यांनी 1,000 किलोमीटर पार केले. 2003 मध्ये क्लाउस ओलमान यांनी अर्जेंटिनात अँडीज पर्वताच्या लाटांवर 3,009 किलोमीटरचे उड्डाण केले.

या विद्येची खरी कसोटी लागली ती अमेरिकेतील वाळवंटी डोंगरांत. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या पूर्वेला ओवेन्स नदीचे कोरडे खोरे आहे. पश्चिमेचा पाऊस पर्वत अडवतो आणि पलीकडे रखरखाट, असा हा प्रकार. सह्याद्री आणि देशावरच्या दुष्काळी पट्ट्यासारखाच. तेथील बिशप गावी 1951-52 मध्ये पर्वतलाटांचा शास्त्रीय अभ्यास झाला. मार्च 1952 मध्ये लॅरी एडगर आणि हॅरल्ड क्लीफोर्थ यांनी दोन आसनी ग्लायडर 44,255 फुटांवर नेले. पण लाटेच्या खाली हवेचे भोवरे असतात. 25 एप्रिल 1955 रोजी अशाच एका भोवऱ्यात एडगर यांचे ग्लायडर हवेतच मोडले. पॅराशूट होते म्हणून ते वाचले.

अशा मुलखात लांबचे उड्डाण आखणारा माणूस आधी नकाशा घेतो आणि जेथे पोहोचायचे ते ठिकाण बाजूला ठेवून उतरायच्या जागांवर खुणा करतो. नेवाडात उत्तर-दक्षिण रांगा एकामागे एक आहेत आणि मधल्या खोऱ्यांत सुकलेली खारी तळी. वरून ती मैदानासारखी दिसतात, पण काही टणक असतात, तर काहींत चाक रुतते. म्हणून अनुभवी वैमानिक ती आधी जमिनीवरून पाहून येतात. सोबत पाणी घेतात. गाडी घेऊन मागून येणाऱ्या मंडळींना मार्ग समजावून ठेवतात.

मग हिशेब. समजा, ग्लायडर एक किलोमीटर उंची खर्चून शांत हवेत 40 किलोमीटर जाते. जमिनीपासून 2,300 मीटर उंची आहे. उतरण्याच्या फेरीसाठी 300 मीटर राखून ठेवायचे, उरले 2,000. कागदावर पल्ला 80 किलोमीटर झाला. पण समोरचा वारा आणि खाली दाबणारी हवा धरून शहाणा माणूस त्यातले निम्मेच मोजतो. 40 किलोमीटरच्या आत उतरायची जागा नसेल, तर तो पुढे जात नाही. त्याच्या धाडसाला हा आकडा लगाम घालतो.

आपल्या देशातही ही परंपरा आहे. नागरी विमान खात्याने स्वतःची लाकडी ग्लायडरे घडवली. 1958 मध्ये अश्विनी उडाले, 1961 मध्ये शेजारी शेजारी दोन आसनांचे रोहिणी आणि 1963 मध्ये एकआसनी कार्तिक. पुढे भरणी, मृगशीर्ष, आर्द्रा हीही नावे आली. मृग आणि आर्द्रा यांवर पेरणी-लावणीचा हिशेब करणाऱ्या आपल्या घरांना ही नावे परकी वाटू नयेत! पुण्याजवळ हडपसरला सरकारी ग्लायडिंग केंद्र उभे राहिले. तेथे विंचच्या दोराने ग्लायडर ओढून वर सोडतात. शहर आता त्या मैदानाच्या अंगाला येऊन भिडले आहे.

आता हीच पद्धत आपल्या तालुक्याला लावून पाहू. सह्याद्रीची रांग उत्तर-दक्षिण, वारा पश्चिमेचा, म्हणजे डोंगराचा आधार हवा तसा. पण वारा जोरात असतो त्या पावसाळ्यात कॅसलरॉकपासून अणशीपर्यंत माथे ढगांत बुडालेले असतात आणि वैमानिकाला डोंगरच दिसत नाही. उन्हाळ्यात आभाळ मोकळे असते. पण दाट रान उघड्या शेतासारखे लवकर तापत नाही, त्यामुळे थर्मल धारवाडकडच्या काळ्या रानावर आधी उठतात, आपल्याकडे उशिरा. दुपारनंतर समुद्रावरची ओली हवा घाट चढून येते आणि त्यांचा जोर मोडते. मग उतरायच्या जागा? खाली सलग अरण्य, खोल दऱ्या आणि डोंगरउतारावरची लहान लहान भातखाचरे. धावपट्टीएवढे सपाट काही हाती लागत नाही.

शोधत शोधत बोट काळी नदीच्या खोऱ्यावर येते. डिग्गीकडून येणारी काळी जेथे रुंदावत होती, तेथे सुपा हे तालुक्याचे गाव होते. आज नकाशावर तेथे निळा रंग आहे. गणेशगुडीजवळ 101 मीटर उंचीचे धरण झाले, सुपा पाण्याखाली गेले, कचेऱ्या जोयड्याला आल्या आणि कित्येक कुटुंबे रामनगरला वसली. आमच्यापैकी अनेकांच्या वडीलधाऱ्यांना त्या जमिनी अजून बांधाबांधाने आठवतात. वैमानिक ज्याला उतरायची जागा म्हणेल, ती आपली नांगरटीची जागा होती. सपाट जमिनीची किंमत दोघांनाही सारखीच कळते.

जोयड्यावरून लांबचे ग्लायडर-उड्डाण आखायला आज कोणी बसला, तर हिशेब त्याला नाहीच म्हणेल आणि ते बरोबरच ठरेल. पण त्याची एक सवय आपण घ्यावी. तो निघण्यापूर्वी प्रत्येक टप्प्याला विचारतो, येथे आधार सुटला तर पाय कोठे टेकायचे? रामनगरला उतरलेल्या पिढीला हा प्रश्न आधी विचारायची संधी मिळाली नव्हती. शिक्षणासाठी, नोकरीसाठी आज लांब निघालेल्या आपल्या मुलांना ती आहे. त्यांच्या नकाशावर एक खूण आपल्या घरांची असावी, आणि ती जागा टणक राखणे हे आपले काम.

गणपती बाप्पा मोरया!