कोबाल्टचा शेक आणि अणूचा गाभा

आमच्या वाशीच्या बचत गटातली एक ताई गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगावर उपचार घेऊन घरी आली. पाच आठवडे तिला कोबाल्टच्या मशीनचा शेक दिला होता. आपल्याकडे 'लाईट दिली' म्हणतात तोच. घरी आल्यावर तिचं ताट वेगळं झालं. नातवाला तिच्याजवळ झोपू देईनात. "अंगात किरणं भरलीत, लेकराला लागतील," असं घरातलेच म्हणत. गटाच्या बैठकीला ती दाराशीच बसली, आणि आम्ही कुणीही तिला आत ये म्हटलं नाही. खरं काय ते आम्हालाही सांगता येत नव्हतं. म्हणून आज या कोबाल्टचाच इतिहास सांगतो.

कोबाल्ट हा एक धातू आहे. काचेला आणि चिनी मातीच्या भांड्यांना गडद निळा रंग येतो तो याच्यामुळे. दीडशे वर्षांपूर्वी शास्त्रज्ञ सगळी मूलद्रव्यं त्यांच्या अणूच्या वजनाप्रमाणे ओळीत लावत होते. रशियाच्या मेंडेलीव्हने १८६९ साली तसा तक्ता केला. पण कोबाल्ट आणि निकेल या जोडीपाशी घोळ व्हायचा. कोबाल्टचं वजन ५८.९३, निकेलचं ५८.६९. वजन पाहिलं तर निकेल आधी यायला हवं, गुण पाहिले तर कोबाल्ट आधी.

हा घोळ सोडवला हेन्री मोस्ले या इंग्रज तरुणाने, १९१३ साली. प्रत्येक मूलद्रव्यातून निघणारे क्ष-किरण त्याने मोजले आणि दाखवलं की प्रत्येकाचा एक ठरलेला क्रमांक आहे. कोबाल्टचा २७, निकेलचा २८. अणूची ओळख वजनावर नाही, या क्रमांकावर आहे. दोन वर्षांनी तो पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला मारला गेला. वय २७. असली माणसं लढाईत कशाला पाठवायची, असं आम्हाला वाटून गेलं.

हा २७ म्हणजे अणूच्या गाभ्यातल्या प्रोटॉनची मोजणी. प्रोटॉनवर विजेचा धन भार असतो. गाभ्याभोवती, अंगणात वावरावेत तसे इलेक्ट्रॉन असतात, त्यांच्यावर तेवढाच ऋण भार. २७ प्रोटॉन आणि २७ इलेक्ट्रॉन असले की हिशोब फिटतो, अणूवर भार उरत नाही. एखादा इलेक्ट्रॉन निघून गेला तर अणू धन भाराचा होतो, पण कोबाल्ट तो कोबाल्टच राहतो. वजनातही फरक जाणवत नाही, कारण इलेक्ट्रॉन फारच हलका. प्रोटॉनला क्विंटलभर सोयाबीनचा कट्टा मानलं, तर इलेक्ट्रॉन म्हणजे त्यातलं मूठभर सोयाबीन.

मग २७ प्रोटॉनच्या कोबाल्टचं वजन ५९ च्या घरात कसं? याचं उत्तर १९३२ साली चॅडविकला सापडलं. गाभ्यात न्यूट्रॉन नावाचा तिसरा कण असतो. वजनाने प्रोटॉनएवढाच, पण त्याच्यावर भार अजिबात नाही. खाणीतून येणाऱ्या कोबाल्टमध्ये २७ प्रोटॉन आणि ३२ न्यूट्रॉन, मिळून ५९. निकेलमध्ये प्रोटॉन एक जास्त, पण त्याच्या बहुतेक अणूंत न्यूट्रॉन फक्त ३० असतात, म्हणून ते सरासरी हलकं भरतं.

न्यूट्रॉनवर भार नसल्यामुळे त्याला गाभ्यात शिरताना कुणी ढकलून देत नाही. अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा चालू असतो. तिथे कोबाल्टच्या कांड्या ठेवल्या की अणू एकेक न्यूट्रॉन गिळतात आणि ५९ चे ६० होतात. नाव तेच, भार तोच, वजन एकाने वाढलेलं. पण हा गाभा टिकत नाही. त्यातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन बाहेर पडतो आणि मागोमाग तीव्र गॅमा किरण निघतात. प्रोटॉन २८ झाले, म्हणजे कोबाल्टचं निकेल झालं! सव्वापाच वर्षांत निम्मा कोबाल्ट असा निकेल होतो. म्हणून मशीन जुनं झालं की तेवढाच शेक द्यायला जास्त वेळ लागतो.

हे किरण उपचाराला वापरायला कॅनडात १९५१ साली सुरुवात झाली. सास्काटून गावी हॅरोल्ड जॉन्स यांच्या गटात सिल्व्हिया फेडोरुक ही तरुण बाई होती. किरण शरीरात किती खोल, किती जोराने जातात हे मोजायचं काम तिने केलं. तिथली पहिली रुग्ण ४३ वर्षांची, चार लेकरांची आई होती. आजार आपल्या ताईचाच. ती नव्वदीपर्यंत जगली.

आपल्याकडे मुंबईजवळ तुर्भ्याला 'अप्सरा' अणुभट्टी ऑगस्ट १९५६ मध्ये सुरू झाली. आता असा कोबाल्ट राजस्थानात रावतभाट्याच्या अणुभट्टीतही बनतो, आणि भाभा अणुसंशोधन केंद्राने 'भाभाट्रॉन' हे देशी मशीनही तयार केलं आहे. अनेक रुग्णालयांत आता विजेवर चालणारी मशीनं आली आहेत, त्यांत कोबाल्ट नसतोच.

पण हा आजार तपासणीत लवकर कळला तर गोष्ट अनेकदा शेकापर्यंत जातच नाही. ते आपल्याच जिल्ह्यात दिसलं. सन २००० पासून बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने आणि टाटा रुग्णालयाने ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना घेऊन मोठा अभ्यास केला. एचपीव्ही विषाणूची एकदा तपासणी झालेल्या सुमारे ३४ हजार जणींत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या सुमारे ३१ हजार जणींत ६४. त्या तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे वाद झाला. तो व्हायलाच हवा होता.

आता ताईच्या ताटाकडे येऊ. मशीनमधला कोबाल्ट बंद डबीत असतो. त्याचा कणही अंगाला लागत नाही, बाहेर येतात ते फक्त किरण. ते शरीरातल्या अणूंच्या अंगणातले इलेक्ट्रॉन उडवतात. अणूंचा भार क्षणभर बिघडतो, त्यातून गाठीच्या पेशींची मोडतोड होते आणि त्या मरतात. गाभ्याला मात्र धक्का लागत नाही. त्यात न्यूट्रॉन शिरत नाही, प्रोटॉन बदलत नाही. म्हणजे अंगातला एकही अणू किरण सोडणारा होत नाही. मशीन बंद झालं की किरण संपले, जसा दिवा मालवल्यावर उजेड खोलीत साठून राहत नाही.

एक वेगळी गोष्ट आहे ती किरणोत्सारी आयोडीनची. थायरॉईडच्या कर्करोगात ते पोटात देतात, तेव्हा डॉक्टर सांगतील तितके दिवस लेकरांपासून लांब राहावं लागतं. कुठला उपचार झाला हे रुग्णालयाच्या कागदावर लिहिलेलं असतं.

ताईचा कागद घेऊन आम्ही चौघी तिच्या घरी गेलो आणि हे सगळं सांगितलं. तिच्या जावेला अजून पुरतं पटलेलं नाही. नातू मात्र त्याच रात्रीपासून आजीच्या वाकळेत झोपतोय.