‘सुई नको, गाठ पसरेल’: एका भीतीचा इतिहास

मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याची लाँच पकडा, नाहीतर उरणहून लोकल. लहान मुलाच्या मानेत, पोटात गाठ दिसली आणि स्थानिक डॉक्टरांना शंका आली, की आपल्या इकडची माणसं शेवटी परळ नाहीतर खारघरला पोचतात. तिथे डॉक्टर म्हणतात, “सुईने तपासू.” आणि घरातलं कोणीतरी मोठं माणूस लगेच म्हणतं, “सुई नको, गाठ पसरेल.” आजचा एपिसोड या एका वाक्यावर. मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे इथे उपचाराचा सल्ला नाही, फक्त इतिहास.

सुरुवात कॅन्सरपासून होत नाही. १९०४ मध्ये ग्रेग आणि ग्रे या दोन डॉक्टरांनी युगांडात निद्रारोगाच्या रुग्णांच्या मानेतल्या गाठींतून सुईने रस काढला आणि त्यात रोगाचे परजीवी शोधले. पुढे १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधले सर्जन हेज मार्टिन आणि तिथलेच तंत्रज्ञ एडवर्ड एलिस यांनी कॅन्सरच्या गाठींवर हीच पद्धत वापरल्याचा लेख छापला. सुई १८ गेजची, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर जाड.

पण अमेरिकेत ती फारशी रुजली नाही. आक्षेप दोन. एक, इतक्या थोड्या पेशींवरून निदान कसं करायचं? दुसरा आपल्या ओळखीचा: सुईच्या वाटेने कॅन्सर पसरला तर? पद्धतीला खरा जीव आला १९५० नंतर, स्वीडनमध्ये. कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या सिक्स्टन फ्रांझेन आणि सहकाऱ्यांनी आणखी बारीक सुई घेतली, जेमतेम ०.७ मिलिमीटरची, आणि हजारो रुग्णांचा अनुभव जमवला. आपल्याकडे जिला ‘एफएनएसी’ म्हणतात ती हीच.

आता मुंबई. १९३१ मध्ये लेडी मेहरबाई टाटा ल्युकेमियाने गेल्या. त्यानंतर टाटांच्या ट्रस्टने परळला उभारलेलं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळेची घडी बसवली डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात ते हेच. त्याच संस्थेचं संशोधन केंद्र, ‘ॲक्ट्रेक’, २००२ पासून खारघरला आहे. म्हणजे आपल्या पनवेल तालुक्यातच.

मुलांच्या बाबतीत गोष्ट अजून अवघड होती. मानेतली गाठ बऱ्याचदा साध्या संसर्गाची असते. कधी क्षयाची, जिला आपली आजी गंडमाळ म्हणायची. तिथे बारीक सुईचं काम भारी आहे: भूल नाही, टाका नाही, आणि त्याच नमुन्यावर टीबीची चाचणीही होते. पण मुलांचे कित्येक कॅन्सर सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखे दिसतात, लहान, गोल, निळ्या पेशी. न्यूरोब्लास्टोमा, लिम्फोमा, युइंग सार्कोमा, सगळे भाऊभाऊ वाटतात, पण औषधं वेगवेगळी.

आपल्या भाषेत सांगायचं तर एफएनएसी म्हणजे कोडच्या सुट्या ओळी. फाइलची रचना कळत नाही. म्हणून जाड सुईची ‘कोअर बायोप्सी’ आली. यात पेशी सुट्या न येता मांसाचा सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरचा धागा अखंड येतो. १९७५ मध्ये कोहलर आणि मिल्श्टाइन यांनी मोनोक्लोनल अँटिबॉडी बनवण्याची रीत शोधली, आणि पुढे त्या अँटिबॉडी वापरून या सारख्या दिसणाऱ्या पेशी ओळखता येऊ लागल्या. सोबत सोनोग्राफी आली, त्यामुळे सुई कुठे चाललीय ते स्क्रीनवर दिसायला लागलं. पूर्वी ज्या तुकड्यासाठी पोट उघडावं लागायचं, तो बऱ्याचदा दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून मिळू लागला.

मग आजीची भीती खोटी का? पूर्ण खोटी नाही, आणि हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमामध्ये डॉक्टर सुई टाळतातच. हाडाच्या कॅन्सरमध्ये सुईची वाट अशी आखतात, की पुढच्या ऑपरेशनमध्ये ती वाटही कापून काढता येईल. मूत्रपिंडाच्या विल्म्स ट्यूमरमध्ये अमेरिकी पद्धतीत ऑपरेशनआधी बायोप्सी केली तर आजाराची स्टेज तिसरी धरतात. युरोपात बऱ्याचदा मुलाचं वय आणि स्कॅन बघून बायोप्सीशिवायच केमो सुरू करतात. म्हणजे ही भीती डॉक्टरांनी उडवून लावली नाही. कुठे ती खरी ठरते हे शोधून तिचे नियम बनवले. बाकी बहुतेक गाठींमध्ये सुईने कॅन्सर पसरणं फार क्वचित घडतं. निदानाशिवाय गेलेले महिने मात्र नक्की महाग पडतात.

श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये जगासाठी लक्ष्य ठेवलं ते २०३० पर्यंत किमान ६० टक्क्यांचं. या दोन आकड्यांमधल्या अंतराचं एक मोठं कारण म्हणजे उशिरा किंवा चुकीचं झालेलं निदान.

म्हणून घरात कोणी “सुई नको” म्हणालं, तर त्यांना गप्प करू नका. तोच प्रश्न डॉक्टरांना विचारा: “याच गाठीत सुई का, आणि कुठून?” चांगल्या डॉक्टरकडे याचं उत्तर असतं. भेटू पुढच्या भागात!