सोयाबीन : दाणा आपल्या शेतात, पण ताटात किती?

सोयाबीन म्हटले की आपल्या घरात आधी तेलाची पिशवी आठवते, नाहीतर सोयावडी. पण हा दाणा मुळात खाण्यासाठी पिकवला गेला. तो इतिहास आपण थोडक्यात पाहू.

सोयाबीनचे मूळ घर चीन. तेथे काळे सोयाबीन आंबवून औषधातही घालीत. चीन-जपानच्या बौद्ध विहारांत मांसाहार वर्ज्य असल्याने सोयाबीनचे पनीर, म्हणजे टोफू, भिक्खूंच्या जेवणात नित्याचे झाले. आपल्या देशातही कुमाऊंच्या डोंगरात ‘भट’ आणि सिक्कीमकडे आंबवलेले ‘किनेमा’ लोक पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत.

बाबासाहेबांना १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवणारे बडोद्याचे सयाजीराव महाराज आपल्याला माहीतच आहेत. त्यांच्याच संस्थानात अन्नाची पाहणी करणारे खाते होते. तेथील एफ. एस. काळे यांनी १९३६ साली सोयाबीनवर इंग्रजीत मोठा ग्रंथ काढला. त्याआधी १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनीही आहारात सोयाबीनचा प्रयोग केला होता. गरिबाला स्वस्तात प्रथिने मिळावीत, हाच विचार होता.

पुढचे काम आपल्या पुण्यात झाले. १९४६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने, म्हणजे आगरकर रस्त्यावरच्या आजच्या आघारकर संशोधन संस्थेने, सोयाबीनचे अनेक वाण तयार केले. २०२१ साली जाहीर झालेला ‘एमएसीएस १४०७’ हेक्टरी ३९ क्विंटलपर्यंत उतारा देतो. लातूरकडे आणि विदर्भात आज हेच पीक शेतकऱ्याच्या हाती पैसा देते.

पण मग दाणा जातो कुठे? त्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. गिरणीत तेल निघते ते आपल्याकडे येते, आणि प्रथिनांची पेंड बहुतेक कोंबड्यांच्या खाद्याला किंवा परदेशी जाते. म्हणजे ज्याच्यासाठी हा दाणा आणला, तेच आपल्या लेकरांच्या ताटातून निसटले.

औषध म्हणून मात्र याच्या फार मागे लागू नये. रोज २५ ग्रॅम सोयाप्रथिने हृदयविकाराचा धोका कमी करू शकतात, असे लिहायला अमेरिकन सरकारने १९९९ साली परवानगी दिली. २०१७ साली पुरावा पुरेसा एकसारखा नाही म्हणून ती मागे घेण्याचा प्रस्ताव त्यांनीच मांडला. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावे.

आणि हो, सोयाबीन कच्चे कधीच खाऊ नये. कच्च्या दाण्यातले घटक प्रथिने पचू देत नाहीत. रात्री भिजत घालून, पाणी टाकून, कुकरमध्ये चांगले शिजवावे. नाहीतर नीट भाजून थोडेसे गव्हात दळून आणावे. डाळ महाग झाली म्हणून आमटी पातळ करण्यापेक्षा हा मार्ग बरा. सोयाबीन औषध नाही, अन्न आहे. आणि ते आपलेही आहे, एवढे आपण लक्षात ठेवू.