खगोलीय छायाचित्रणातील कालनोंदीची पडताळणी

खस्थ घटनेच्या छायाचित्राशी वा चलत्‌चित्राशी नोंदलेली वेळ घटनेच्या प्रत्यक्ष वेळेशी कितपत जुळते, हे ठरविण्याची प्रक्रिया. ग्रहण, अधिक्रमण व पिधान (एका खस्थ पदार्थाने दुसऱ्यास झाकणे) यांच्या वेधांत तिला विशेष महत्त्व आहे.

पूर्वी निरीक्षक दुर्बिणीतून ताऱ्याचे सरकणे पाहत व घड्याळाचे ठोके ऐकून वेळ ठरवीत. ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलिन यांच्या वेळांहून त्यांचे साहाय्यक डेव्हिड किनेब्रुक यांच्या वेळा सु. ०·८ सेकंद उशिराच्या येत. त्यामुळे १७९६ मध्ये किनेब्रुक यांना काम सोडावे लागले. कुशल निरीक्षकांतही असा फरक असतो, हे पुढे एफ्. डब्ल्यू. बेसेल यांनी दाखविले. या फरकास ‘वैयक्तिक समीकरण’ म्हणतात.

हा दोष टाळण्यासाठी फ्रेंच ज्योतिर्विद प्येअर झांसेन यांनी १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाकरिता छायाचित्रण-रिव्हॉल्व्हर बनविले. जपानमध्ये वापरलेल्या या उपकरणाच्या फिरत्या तबकडीवर ७२ सेकंदांत ४८ प्रतिमा उमटत. तथापि लागोपाठच्या प्रतिमांत दीड सेकंदाचे अंतर राही.

इलेक्ट्रॉनीय कॅमेऱ्यांमुळे हे अंतर पुष्कळ घटले. सेकंदाला २५ चौकटी घेणाऱ्या कॅमेऱ्यात ते ०·०४ सेकंद असते. परंतु विलंब आता उपकरणात उद्भवतो. काही कॅमेरे प्रकाश साठवून प्रतिमा उशिरा बाहेर देतात. काहींत प्रतिमेच्या ओळी एकामागून एक टिपल्या जातात. संगणक प्रतिमा हाती आल्यावर वेळ नोंदतो व त्याचे घड्याळही मागेपुढे होते.

पडताळणीसाठी जीपीएस उपग्रहांच्या कालसंकेतावर दर सेकंदाच्या प्रारंभी लागणारा एलईडी दिवा त्याच कॅमेऱ्याने व त्याच मांडणीने चित्रित करतात. प्रकाश प्रथम दिसलेल्या चौकटीची नोंदलेली वेळ खऱ्या वेळेशी ताडून विलंब काढतात. दिवा काही काळ पेटता ठेवल्यास त्या चौकटीतील तेजाच्या प्रमाणावरून अधिक सूक्ष्म क्षणही मिळतो. ओळींनी टिपणाऱ्या कॅमेऱ्यात प्रतिमेच्या वरच्या व खालच्या भागांची चाचणी स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

पिधानातील छाया सेकंदाला २० किमी. वेगाने सरकत असल्यास ०·१ सेकंदाची चूक २ किमी. ठरते. ३ जून २०१३ रोजी दक्षिण अमेरिकेतून घेतलेल्या वेधांवरून सु. २५० किमी. व्यासाच्या चॅरिक्लोभोवती दोन कडी आढळली. त्यांची रुंदी अनुक्रमे सु. ७ व ३ किमी. आहे. एवढ्या अरुंद रचनेची स्थाननिश्चिती कालनोंदीच्या अचूकतेवरच अवलंबून असते.