घोडपदेवची भूमी आणि पाण्याचा माग : भूजल-दूषणाच्या रासायनिक शोधाचा ऐतिहासिक आढावा

मुंबईच्या पाण्याचा इतिहास बहुतांशी तलावांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. १८६० मध्ये विहारचे पाणी शहरात आले, १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा तलावाची त्यात भर पडली. अभियंते, कर, नळ आणि धरणे यांविषयी विपुल कागदपत्रे उपलब्ध असल्याने अभ्यासकांचे लक्ष तिकडे जाणे स्वाभाविक होते. जमिनीखालच्या पाण्याला असा इतिहास लाभला नाही. प्रस्तुत लेखात घोडपदेव परिसराच्या निमित्ताने एका मर्यादित प्रश्नाचा विचार केला आहे : जमिनीखालच्या पाण्यात दूषण आढळले, तर ते कोणाचे हे कशाच्या आधारे ठरवावयाचे? आज हा प्रश्न प्रामुख्याने खाणींच्या झिरपण्यासंबंधी विचारला जातो. त्याची जडणघडण मात्र एकोणिसाव्या शतकातील शहरांच्या विहिरींपाशी झाली आहे.

भायखळा, माझगाव, रे रोड आणि कॉटन ग्रीन यांच्या मधोमध घोडपदेव वसले आहे. येथील मूळ खडक दख्खनचा बेसॉल्ट होय. या खडकात पाणी वाळूच्या थरासारखे सर्वत्र सारखे पसरत नाही. ते भेगांतून, सांध्यांतून आणि वरच्या कुजलेल्या मुरमातून वाट काढते. त्यामुळे शेजारच्या दोन विहिरींचे पाणी चवीने वेगळे निघू शकते. पूर्वेकडील किनाऱ्याची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. पोर्ट ट्रस्टने १९०८ ते १९१२ या काळात माझगाव-शिवडी दरम्यान समुद्र हटवून फार मोठी जमीन निर्माण केली. १९१० च्या डिसेंबरात कुर्ला ते रे रोड अशी हार्बर रेल्वे सुरू झाली. कोळसा बंदर, लाकडी बंदर, गोदामे, कापडगिरण्या आणि रेल्वेचे कारखाने यांनी हा पट्टा गजबजला. खाली भेगाळ खडक, वर भराव, एका बाजूस भरती-ओहोटी आणि डोक्यावर शतकभराचा उद्योग असा हा प्रकार आहे.

पाण्यातील दूषणाचा माग काढण्यासाठी रसायनशास्त्राने वापरलेला पहिला महत्त्वाचा साक्षीदार म्हणजे क्लोराइड. माणसाच्या मूत्रातून मीठ बाहेर पडते. ते मातीत अडकत नाही, कुजत नाही, पाण्याबरोबर सरळ पुढे जाते. म्हणून विहिरीत क्लोराइड वाढले की आसपासच्या शोषखड्ड्याचे पाणी तेथे पोचले असावे, असा तर्क रूढ झाला. इंग्लंडमध्ये एडवर्ड फ्रँकलंड यांनी याच काळात नायट्रोजनच्या संयुगांवरून पाण्याचे 'पूर्वदूषण' मोजण्याची कल्पना मांडली. पाण्याची रासायनिक कुंडली मांडून त्याचा पूर्वेतिहास सांगता येतो, हा विश्वास या पिढीने निर्माण केला. इतिहासाच्या अभ्यासकाला या भूमिकेविषयी आपुलकी वाटावी यात नवल नाही.

किनाऱ्यालगत मात्र हा साक्षीदार फितूर होतो. घोडपदेवसारख्या ठिकाणी विहिरीचे पाणी खारट लागले तर ते सांडपाण्याचे मीठ की समुद्राचे? नुसते क्लोराइड मोजून याचे उत्तर देता येत नाही. या अडचणीवर पहिला पद्धतशीर तोडगा निघाला तो अमेरिकेत. १८८७ पासून मॅसॅच्युसेट्स राज्याच्या आरोग्य मंडळाने पाण्याची विस्तृत पाहणी हाती घेतली. या पाहणीतील प्रयोगशाळेचे काम एलेन स्वालो रिचर्ड्स या रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने सांभाळले. हजारो नमुन्यांच्या मापनांतून असे दिसले की, माणसाचा स्पर्श नसलेल्या पाण्यातही समुद्राजवळ क्लोराइड अधिक असते आणि आत जावे तसे ते क्रमाने घटते. समान क्लोराइडच्या रेषा नकाशावर काढल्यावर प्रत्येक ठिकाणचे 'स्वाभाविक' प्रमाण हाती आले. त्याहून जे अधिक, ते माणसाचे. हा नकाशा भूजल-दूषणाच्या इतिहासातील सर्वांत कमी गाजलेला आणि सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज म्हणावा लागेल. दूषण सिद्ध करावयाचे तर आधी निर्दोष अवस्थेची नोंद हवी, हे त्याने दाखवून दिले.

निसर्गतः असलेल्या घटकांवर विसंबण्याऐवजी आपणच पाण्यात काहीतरी टाकून ते कोठे निघते हे पाहण्याचा दुसरा मार्ग याच सुमारास पुढे आला. स्वित्झर्लंडमधील लाउझेन गावी १८७२ मध्ये विषमज्वराची साथ पसरली. डोंगरापलीकडच्या ओढ्याचे पाणी गावच्या झऱ्यात येते, या शंकेची तपासणी करण्यासाठी ओढ्याच्या पाण्यात मीठ घालण्यात आले. गावच्या झऱ्यात ते उतरले. नंतर पीठ कालवून सोडले, ते मात्र उतरले नाही. जमिनीने पीठ गाळले, पण रोग गाळला नाही, हा त्यातील अस्वस्थ करणारा भाग होता. १८७७ च्या ऑक्टोबरात जर्मनीत डॅन्यूब नदीच्या लुप्त होणाऱ्या पात्रात १० किलो फ्लुओरेसिन हा रंग सोडण्यात आला आणि सुमारे ६० तासांनी १२ किलोमीटर दूरच्या आख येथील झऱ्याचे पाणी हिरवे झाले. या प्रयोगामागे निव्वळ जिज्ञासा नव्हती. नदीच्या पाण्यावर हक्क कोणत्या काठच्या कारखानदारांचा, हा वाद होता. अनुरेखक, म्हणजे ज्याला प्रयोगशाळेत ट्रेसर म्हणतात, तो जन्मापासूनच असा वादांच्या संगतीत वाढला आहे.

मुंबईत याच काळात विहिरींचे भवितव्य वेगळ्याच कारणाने ठरत होते. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी १९११ मध्ये शहरातील हिवतापाच्या कारणांविषयी अहवाल दिला. त्यात डासांच्या पैदाशीसाठी विहिरींकडे बोट दाखवले होते. पुढील काळात महापालिकेने विहिरी झाकण्याची व बुजविण्याची मोहीम राबविली. धार्मिक भावना गुंतलेल्या असल्याने तिला विरोधही झाला. पारशी समाजाची १७२५ ची भिका बेहराम विहीर आजही चर्चगेटजवळ उभी आहे. आरोग्याच्या दृष्टीने मोहीम समर्थनीय होती याविषयी वाद नाही. परंतु तिचा एक परिणाम अहवालांच्या हिशेबात आला नाही. प्रत्येक विहीर ही जमिनीखालच्या पाण्याकडे उघडणारी खिडकी असते. पूर्व किनाऱ्यावर उद्योग भरास येत असतानाच या खिडक्या एकेक करून बंद झाल्या. 'स्वाभाविक' प्रमाणाची नोंद ठेवण्यास जो काळ सर्वांत योग्य होता, त्याच काळात मोजण्याची साधने बुजविली गेली.

घोडपदेवपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या बंदराने मात्र या शास्त्राच्या भारतीय इतिहासात अनपेक्षित स्थान मिळविले. बंदरातून उपसलेला गाळ समुद्रात टाकल्यावर तो पुन्हा परततो की काय, हा पोर्ट ट्रस्टचा जुना प्रश्न. १९५९ मध्ये तुर्भे येथील अणुऊर्जा संस्थेच्या साहाय्याने किरणोत्सारी स्कॅन्डियम-४६ वापरून मुंबई बंदरातील गाळाचा माग काढण्यात आला. भारतातील या प्रकारचा हा पहिला प्रयोग होय. स्कॅन्डियमचे अर्धायुष्य सुमारे ८४ दिवसांचे. माग काढण्यापुरते ते टिकते आणि नंतर विरते. अप्सरा अणुभट्टी १९५६ च्या ऑगस्टमध्ये कार्यान्वित झाली होती, हे लक्षात घेता अवघ्या तीन वर्षांत हे तंत्र बंदराच्या चिखलात उतरले. ही संस्था पुढे १९६७ पासून भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणून ओळखली जाऊ लागली आणि समस्थानिकांद्वारे भूजलाचा अभ्यास हे तेथील एक प्रस्थापित क्षेत्र बनले. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याचे वय ठरविण्यासाठी ट्रिटियमचे मापन केले. ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे. हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांमुळे १९६३ च्या सुमारास पावसात त्याचे प्रमाण कमालीचे वाढले होते. अण्वस्त्रांच्या स्पर्धेने पावसावर मारलेला हा शिक्का पुढे जलशास्त्रज्ञांच्या कामी आला.

खाणींच्या झिरपण्याचा प्रश्न या सर्व धाग्यांना एकत्र आणतो. खाणगाळाच्या तलावात पाणी दीर्घकाळ उघडे राहते, त्याचे बाष्पीभवन होते आणि उरलेल्या पाण्यात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते. सुरुंगाच्या दारूतील अमोनियम नायट्रेट पाण्यात नायट्रेट सोडते. कोळशातील पायराइट हवेच्या संपर्काने सल्फेट देते. ही सर्व चिन्हे उपयुक्त आहेत. पण नायट्रेट खतांतून आणि शौचालयांतूनही येते, आणि सल्फेट समुद्रातही असते. म्हणून एका चिन्हावर आरोप ठेवता येत नाही. कॅनडातील अथाबास्का नदीकाठी तर डांबरयुक्त वाळू निसर्गतःच उघडी पडलेली आहे. तेथील नॅफ्थेनिक आम्ले खाणीच्या तलावांतून आली की नदीकाठच्या खडकातून, यावर दीर्घकाळ वाद चालला. २०१४ मध्ये तेथील सरकारी शास्त्रज्ञांनी अतिसूक्ष्म विश्लेषणाने दोहोंच्या रासायनिक ठशांतील भेद दाखविला. तलावांचे पाणी नदीच्या दिशेने झिरपत असल्याचा पुरावा त्यातून पुढे आला.

गोव्याच्या डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे या तालुक्यांत हीच अडचण लोहाच्या रूपाने भेटते. जांभ्या दगडाच्या प्रदेशात लोह मातीतच आहे. विहिरीच्या पाण्याला तांबूस झाक आली, एवढ्यावरून खाण दोषी ठरत नाही आणि निर्दोषही ठरत नाही. २०१२ मध्ये तेथील खाणकाम थांबले. २०१४ च्या निकालानंतर ते पुन्हा सुरू झाले, पण २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द केली. खाणी बंद असण्याचा काळ हा मूळ नोंद घेण्यास दुर्मीळ काळ असतो. चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात फ्लोराइड काही ठिकाणी खडकातूनच पाण्यात उतरते. तेथे खाणीपूर्वीच्या नोंदीशिवाय गावकऱ्यांची तक्रार आणि कंपनीचा नकार यांत निवाडा करणे कठीण आहे. मूळ नोंदीचा अभाव तटस्थ नसतो. सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर असतो, त्याच्या विरुद्ध तो जातो. आणि हा भार बहुधा विहिरीच्या मालकावर पडतो.

घोडपदेव परिसरातही ही नोंद पूर्वकाळासाठी आता मिळणे नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या क्रमाने बंद पडल्या आणि त्यांच्या जागी इमारती उठल्या. या इमारतींची तळघरे खोदताना भूजल दिवसरात्र पंपाने उपसून गटारात सोडले जाते. शतकभर झाकल्या गेलेल्या पाण्याचे एवढे विनासायास नमुने पूर्वी कधी उपलब्ध झाले नव्हते. त्यांतील क्लोराइड मोजण्यास सिल्व्हर नायट्रेटची १८५६ ची मोर पद्धती पुरते आणि ती प्रत्येक महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत शिकविली जाते. क्लोराइडच्या जोडीला ब्रोमाइड मोजले, तर त्या दोहोंच्या प्रमाणावरून समुद्राचे मीठ आणि सांडपाण्याचे मीठ वेगळे काढण्यास मदत होते. नमुन्याची बाटली, तारीख, खोली आणि जागेचा नकाशा एवढ्यावर नोंदवही सुरू होऊ शकते. पंप मात्र पाया भरला की बंद होतात.